ताईंचं उत्तर चूक आहे

"पाचाचा वर्ग दहा," मागच्या दाराजवळून कालोलाइने म्हणाली, आणि चर्चच्या दालनात भरलेल्या वर्गात सगळ्या पेन्सिली थांबल्या.

फिलिमोनेच्या हातातला खडू फळ्यापाशीच अडला. हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं. धक्क्यावर बोटीत माल चढवणाऱ्या होपोआतेने दिलं असतं तर तो म्हणाला असता, "होपोआते, उद्यापासून तू घरी राहा आणि तुझ्या डुकरांना वर्गात पाठव." सगळे हसले असते, सगळ्यात मोठ्याने होपोआतेच हसला असता, आणि पुन्हा जन्मात ती चूक त्याने केली नसती. फिलिमोनेची शिकवायची ही एवढीच तऱ्हा होती. एरवी तो लाजरा माणूस, पुस्तकात डोकं खुपसून बसणारा, लग्नकार्यात कोपरा धरणारा; पण फळ्यापाशी उभा राहिला की त्याची जीभ सुटायची.

कालोलाइने मात्र त्याची थोरली बहीण होती. बहिणीसमोर भावाने थट्टा करायची नाही, आवाज चढवायचा नाही, तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. घरातसुद्धा ती एका खोलीत असली तर तो दुसऱ्या खोलीत. आणि हे बंधन एकट्या त्याच्यावर नव्हतं. बहीण-भाऊ दोघं जिथे हजर, तिथे बाकीच्यांनाही तोंड सांभाळावं लागतं. म्हणून होपोआते छताच्या वाशांकडे बघत होता. बाकीचे आपापल्या वह्यांत बघत होते.

"बरं," फिलिमोने म्हणाला आणि त्याने पुढचं गणित लिहायला घेतलं.

त्या "बरं"ची त्याला आता किळस यायला लागली होती.

वर्ग सुरू झाला होता तो साध्या कारणासाठी. राजधानीतल्या सरकारी परीक्षांना बसणाऱ्या मोठ्या माणसांना एउआ बेटाच्या या टोकाला गणित शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. होपोआतेला बोटीच्या इंजिनावर जायचं होतं, एकाला पोलिसात, दोघींना बँकेत. दुपारी कामं उरकून सगळे यायचे, हसायचे, खिदळायचे, शिकायचे. मग एक दिवस कालोलाइने आली, चारचौघांत जाताना नेसतात ती मानाची चटई कमरेला नीट गुंडाळून, आणि मागच्या दाराजवळ फिलिमोनेकडे तोंड येणार नाही अशी तिरकी बसली.

गावच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. जखमा बांधायची, बाळंतिणींपाशी बसायची, औषधांची कपाटं लावायची. मुख्य नर्स रजेवर गेली की दवाखाना तिच्याच जिवावर चालायचा. ती नर्स आता निवृत्त होणार होती. त्या जागेसाठीच्या प्रशिक्षणाला वयाची अट होती, आणि कालोलाइनेसाठी हे शेवटचं वर्ष होतं. इंग्रजी तिला येत होतं. मुलाखतीची तिला भीती नव्हती. गणिताचा पेपर मात्र होता, आणि त्यात नापास झालं तर बाकी सगळं फुकट. मग दवाखान्यात बाहेरची कुणी तरी पोर येणार आणि कालोलाइने तिला कपाटांच्या किल्ल्या दाखवत फिरणार.

फिलिमोनेला ती पास व्हायला हवी होती. इतकी हवी होती की त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

आणखी वाईट गोष्ट अशी, की सुरुवातीला त्याला वाटलं होतं तिला सगळं कळतंय. घातांकांचा नियम शिकवला त्या दिवशी त्याने विचारलं होतं, दहाचा घन गुणिले दहाचा वर्ग. तिने लगेच सांगितलं, "दहाचा पाचवा घात." बरोबर! घातांकांची बेरीज करायची हे बाकी कुणाला जमलं नव्हतं. फिलिमोने त्या दिवशी घरी नाचत गेला होता. दोन दिवसांनी कळलं की दहाचा पाचवा घात म्हणजे तिच्या मते पन्नास. तीन दहा आणि दोन दहा, मिळून पाच दहा. चुकीच्या रस्त्याने ती बरोबर घरी पोचली होती, आणि तोच रस्ता तिला आता पक्का वाटत होता.

बायकोला, सेइनीला, त्याने मध्यस्थ घालून पाहिलं.

"तू जा आणि सहज बोलता बोलता सांग, की पाचाचा वर्ग पंचवीस."

सेइनी टारोची, अळवासारखी, पानं निवडत होती. तिने हातातलं पान खाली ठेवलं. "मी? तुमच्या बहिणीला? चूक म्हणू?"

"चूक म्हणू नकोस. नुसतं पंचवीस म्हण."

"अहो, आपल्या लेकीच्या लग्नात सगळ्यात वर कोण बसणार? त्या. आहेराच्या चटया कुणाला जाणार? त्यांना. आणि मी त्यांना जाऊन पाढे शिकवू? तुम्ही मास्तर, तुम्ही शिकवा."

"मला बोलता येत नाही म्हणून तर."

"मग मला येतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

तरी ती गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात केळ्यांचा घड होता आणि चेहरा खुलला होता.

"सांगितलंस?"

"विषय काढला की."

"मग?"

"त्या म्हणाल्या, गणित छान चाललंय. फिली प्रत्येक उत्तराला बरं म्हणतो." सेइनीने घड खुंटीला अडकवला. "आता त्यावर मी काय बोलणार? केळी गोड आहेत."

त्यानंतर फिलिमोनेने आपल्या मते फार हुशारीची युक्ती काढली. धक्क्यावर जाऊन त्याने होपोआतेला बाजूला घेतलं.

"उद्या मी तुला एक गणित घालीन. तू चुकायचंस."

"त्यात काय, मास्तर. ते तर मी रोज करतो."

"तसं नाही. मी सांगतो तसंच चुकायचं. चाराचा वर्ग आठ म्हणायचं. मग मी तुला झापणार. पार सोलून काढणार. समजून सांगणार. ऐकणाऱ्याला ऐकू जाईल."

होपोआतेने डोकं खाजवलं. "ताईंच्या समोर मला झापणार? तुम्हाला चालतं ते?"

"शिव्या नाही देणार."

"शिव्यांशिवाय मला समजत नाही, मास्तर," तो म्हणाला, पण कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी फिलिमोनेने फळ्यावर लिहिलं आणि होपोआते उभा राहिला. नाटकात काम मिळाल्यासारखा तो छाती काढून ओरडला, "चाराचा वर्ग आठ!"

"आठ?" फिलिमोनेने खडू टेबलावर आपटला. "होपोआते, किती वेळा सांगायचं? वर छोटा दोन लिहिला म्हणजे चाराला चारानेच गुणायचं. चार गुणिले चार. सोळा! आठ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती बोटीचं इंजिन द्यायचं म्हणजे..."

"त्याला का बोलतोस?"

आवाज मागच्या दाराजवळून आला होता. शांत आणि ठाम.

"त्याचं बरोबर आहे," कालोलाइने म्हणाली. "चार जोड्या म्हणजे आठच. वर दोन लिहिलाय ना? दोन म्हणजे जोडी. कोनफळं आपण कशी मोजतो? नारळ कसे मोजतो? जोडीनेच ना?"

वर्गात दोन-चार माना हलल्या. फिलिमोनेने त्या मोजल्या. हे आता पसरणार होतं. तिचा शब्द कोण मोडणार? पोलिसात जाणारा मुकाट्याने वहीत सोळा खोडून आठ लिहीत होता.

पण आता कुठे फिलिमोनेला ती चूक आतून दिसली. चर्चच्या सणाला शेतातून कोनफळं येतात तेव्हा मोजायला हीच उभी असते. दोन दोन उचलायची, जोड्या म्हणायच्या. दहा जोड्यांचा एक आकडा, मग पुढे. तिने जन्मभर तेच केलं होतं. आणि बेरजेचंही तेच. तीन अधिक पाचाचा वर्ग याचं उत्तर तिने सोळा काढलं होतं, ते कुठून आलं हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. आधी सगळी कोनफळं एका ढिगात, तीन आणि पाच, आठ. मग आठाच्या जोड्या. ढीग न करता कुणी जोड्या मोजतं का?

एवढं कळूनही त्याला ते हळुवारपणे सांगता आलं नाही. महिनाभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"चूक!" तो म्हणाला. "ताई, चूक आहे ते. साफ चूक. कोनफळं नाहीत ती! इथे कुठेही कोनफळं नाहीत!"

बँकेत जाणाऱ्या दोघींनी माना इतक्या खाली घातल्या की कपाळं वह्यांना लागली. कालोलाइनेने वही मिटली, कमरेची चटई सारखी केली आणि दारातून बाहेर पडली. ती घाईने गेली नाही. त्यामुळे ते आणखीच वाईट दिसलं.

"मास्तर," होपोआते म्हणाला, "तुम्ही मलाच झापायचं ठरलं होतं."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सेइनीने त्याला वाढलं, पण ताट ठेवलं ते दुसरीकडे बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा व्हायच्या आत फिलिमोने चांगली चटई कमरेला बांधून बहिणीच्या घरी गेला आणि बाहेरच्या पायरीवर मान घालून बसला. आई कालोलाइनेकडेच असायची. ती दारात टेकून बसली होती आणि त्याला बघून तिने नुसतं हुं केलं.

"ती आत आहे," आई म्हणाली. "दोघंही गाढव आहात. बोल काय ते."

लाकडाच्या भिंतीपलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"ताई," फिलिमोने भिंतीला म्हणाला, "काल मी जे बोललो त्याची माफी मागायला आलोय. सगळ्यांसमोर मी तुमचा मान राखला नाही."

"काय बोललास?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"चूक म्हणालो."

"होतं का चूक?"

पायरीवर मुंग्यांची रांग होती, तो ती बघत राहिला.

"फिली, मी विचारते. चूक होतं का नव्हतं?"

"होतं."

"आणि त्याच्या आधी? एवढे दिवस तू बरं बरं म्हणत होतास. त्यातलं खरं बरं किती होतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"फारच थोडं, ताई."

मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. "रोज घरी येऊन मी आईला सांगायचे, आज सगळी बरोबर आली."

"सांगायची," आई म्हणाली. "मी शेजारी सांगून आले. पाळकांच्या बायकोलाही सांगितलं."

"तू मला त्या पेपराला तशीच बसवणार होतास? मान राखून? तिकडे माझा मान राखायला कोण बसलंय? ते लाल रेघ मारणार आणि मी परत येऊन किल्ल्या दाखवत फिरणार. याला तू मान म्हणतोस?"

"मला वाटलं..."

"तुला काही वाटलं नाही. तू घाबरलास. तुला तुझी लाज राखायची होती, माझी नाही."

ते खरं होतं, आणि ते आईच्या देखत होतं.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. आणि बरं म्हणालास तर घरात येऊ नकोस."

"घरात तो येतोच कुठे," आई म्हणाली.

मग तो पायरीवर आणि ती भिंतीपलीकडे, असं ते चाललं. त्याने आधी शेत काढलं. पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच आळी.

"आमच्या शेतात ओळी सरळ असतात का?"

"समजा असल्या."

"तुझ्या बापाच्या कधीच नव्हत्या," आई म्हणाली.

त्याने शेत सोडलं. आत एक कागद आणि पेन्सिल होती. त्याने तिला दहा लिहायला लावलं, मग गुणिले दहा, मग गुणिले दहा, आणि दर वेळी उत्तर काढायला लावलं. ती मोठ्याने म्हणत गेली. शंभर. हजार. दहा हजार. लाखापाशी ती थांबली.

"हा पाचवा?"

"हा पाचवा घात."

"मी पन्नास म्हणत होते."

"हो."

"दवाखान्यात तपासणीचे कागद येतात राजधानीतून. त्यावर असतं हे. दहा आणि वर छोटा पाच. मला वाटायचं, पन्नासच तर जंतू आहेत, त्यात काय एवढं." भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. "देवाची कृपा, ते वाचून औषध द्यायचं काम माझं नव्हतं. आणि हेच काम मागायला मी निघालेय. फिली, तुला कळतंय का तू काय करत होतास?"

त्याला कळत होतं. त्याने मान आणखी खाली घातली, पण भिंतीतून ते दिसणार नव्हतं.

कोणती क्रिया आधी करायची, यावर मात्र दोघांची पार दमछाक झाली. त्याने वर्गात घोकून घेतलेलं, शाळेत शिकवतात ते क्रमाचं गाणं म्हटलं: कंस, घात, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. तिने ते पाठ करून दाखवलं आणि लगेच तीन अधिक पाचाचा वर्ग सोळा काढलं.

"चूक," तो म्हणाला.

"का? तीन आधी लिहिलाय."

"आधी लिहिलाय म्हणून आधी करायचा नाही, ताई. कोण कुठे बसलंय ते बघायचं नाही. मोठं कोण ते बघायचं. बैठकीत प्यायला कावा वाटताना नाही का, सरदार कुठल्याही कोपऱ्यात बसू दे, पहिला पेला त्यालाच जातो. तसा घात. तो शेवटी बसला तरी आधी त्याला."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज झाला. "अठ्ठावीस."

"बरोबर."

त्याला वाटलं ती खूश होईल. ती भडकली. "मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? ते गाणं कशाला घोकायला लावलंस सगळ्यांना?"

"पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तकात! बरं, मग आठ वजा तीन अधिक दोन. गाण्यात बेरीज आधी आहे. तीन नि दोन पाच, आठातून पाच गेले, तीन."

"चूक."

"गाण्यात बेरीज आधी आहे!"

"बेरीज-वजाबाकी सारख्या मानाच्या. तिथे मग बसल्या क्रमाने, डावीकडून. सात."

"म्हणजे गाणं खोटं?"

"अर्धवट आहे."

"शिकवतोससुद्धा अर्धवट," ती म्हणाली. "उद्या वर्गात हे सगळ्यांना सांग. आणि मी चुकले की तिथेच चूक म्हण. बाकीचे माझं बघून लिहितात. त्या पोलिसवाल्याने माझ्यामुळे आठ लिहिलंय."

वर्गात ते सोपं गेलं नाही. तो चूक म्हणाला की अजूनही सगळ्यांच्या माना खाली जायच्या. कालोलाइने तेवढं खोडायची, पुन्हा करायची, पुष्कळदा पुन्हा चुकायची. एकदा ओळीने चार वेळा चुकली तेव्हा तिने पेन्सिल फेकली, आणि पेन्सिल होपोआतेच्या पाठीला लागली. त्याने ती मुकाट्याने उचलून परत दिली. तिला पुरेसा वेळ उरलेला नाही, आणि तो वेळ आपण आपल्या "बरं"मध्ये घालवला, हे फिलिमोनेच्या मनातून जात नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी तो बोटीपर्यंत गेला नाही. ते दिसायला बरं दिसलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी बोट परत यायच्या वेळी तो सेइनीला घेऊन धक्क्यावर होता. समुद्र खवळलेला होता आणि बोट दोर टाकायला वेळ लावत होती. होपोआतेने दोर पकडला. कालोलाइने उतरली, चेहरा बोट लागून पांढरा पडलेला, आणि सेइनीकडे न जाता सरळ फिलिमोनेच्या समोर, चार हात अंतर ठेवून, येऊन थांबली. बाजूला तोंड करून ती म्हणाली, "दहा प्रश्न होते. माझी उत्तरं सांगते. तू बरोबर का चूक ते सांग."

"इथे?"

"इथे."

आजूबाजूला पोती उतरवणारे, टोपल्या उचलणारे, सगळे होते. तिने पहिलं गणित सांगितलं, उत्तर सांगितलं.

"बरोबर," फिलिमोने म्हणाला.

दुसरं. "चूक." हे त्याच्या तोंडून इतक्या पटकन गेलं की पोती उतरवणारे थांबले. ती थांबली नाही. तिसरं बरोबर होतं. चौथं बरोबर. मधली दोन चुकली होती, त्यातलं एक तर इतकं सोपं होतं की त्याला ओरडावंसं वाटलं. मग पुन्हा ओळीने बरोबर येत गेली. पास व्हायला दहातली सहा लागत होती. नववं उत्तर ऐकून त्याने बरोबर म्हटलं तेव्हा सेइनीने तोंडावर हात धरला. ती केव्हाची मोजत होती; हे सहावं होतं.

कालोलाइनेने त्याकडे लक्ष दिलं नाही. "शेवटचं. उणे तिनाचा वर्ग. मी नऊ लिहिलं."

"कंस होता? उणे चिन्हाला धरून?"

"कंस नव्हता."

"मग चूक. उणे नऊ."

"उणे गुणिले उणे अधिक. तूच शिकवलंस."

"कंस असता तर अधिक. कंस नाही, म्हणजे वर्ग नुसता तिनाचा. उणे बाहेर उभं आहे."

"बाहेर का उभं आहे? ते त्याला चिकटून लिहिलं होतं, फिली. मी डोळ्यांनी बघितलं."

"चिकटून लिहिलं तरी बाहेरच, ताई."

"हे तू वर्गात सांगितलंस?"

फिलिमोने आठवू लागला. होपोआते दोर हातात धरून त्याच्याकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "सांगायचं राहिलं."

"राहिलं," कालोलाइने म्हणाली. तिने आपली पिशवी सेइनीच्या हातात दिली, धक्क्याच्या दगडावर बसली आणि समुद्राकडे तोंड केलं. "मग आता सांग. आणि पोरांनो, ती पोती जरा हळू टाका, मला ऐकू येत नाही."